साखरेच्या डब्यातला चष्मा

धाकटा : मी नाही लिहिलं, ताई. किती वेळा सांगू?

ताई : मग कोणी लिहिलं? भुतानं?

धाकटा : तुझ्या मालिकेत सगळं तेच करतं ना! त्यालाच विचार.

ताई : दात काढू नकोस. चॅनेलवाल्यांनी आज बोलावून घेतलं होतं. मालिकेखाली प्रेक्षक आपली मतं लिहितात ना, त्यातले चौदा जण एकाच घरातून लिहितात म्हणे. नावं चौदा, आणि इंटरनेट कोणाच्या नावावर? माझ्या! तेही या घरातलं. 'स्वतःच स्वतःची आरती ओवाळता का?' असं तोंडावर विचारलं मला.

धाकटा : मग तूच ओवाळली असशील. मला तरी काय ठाऊक?

ताई : मी इथं राहते का? इथं राहता तू आणि आई. आणि आई तर फोन आला की आधी चष्मा शोधते, तोवर फोन बंद होतो. शुक्रवारपर्यंत खरं सांगितलं नाही, तर ते दुसरा लेखक आणणार आहेत.

धाकटा : दाखव तरी काय लिहिलंय ते. हं... 'निवृत्त पोस्टमास्तर' म्हणतात, 'भुतानं दार धाडकन उघडलं ते पटलं नाही. तो माणूस आधी खोकेल, मगच आत येईल.' यात आरती कुठाय? ही तर खरडपट्टी आहे.

ताई : पुढचं वाच.

धाकटा : 'कॉलेजकुमार'... 'खूप हसलो. पण भुताला स्वेटर द्या, त्याला थंडी सोसत नाही.' आता बोल! कुठला कॉलेजकुमार भुताच्या स्वेटरची काळजी करतो?

ताई : म्हणून तर तुझा संशय येतोय. असला आगाऊपणा तुझाच. तुला पहिल्यापासून ही मालिका खुपतेय.

धाकटा : खुपतेच. बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, तर तू त्यांचं भूत करून लोकांना हसवायला बसलीस. आईला विचारलंस?

ताई : आईला कळलेलंच नाही ते बाबा आहेत म्हणून. 'बरी आहे, घड्या घालता घालता बघते,' म्हणाली. आणि कोणाला कळू नये म्हणून मी सगळं बदललंय. भूत तपकीर ओढतं. बाबांनी कधी ओढली? बाबा आईचा चष्मा लपवायचे ना, तोसुद्धा मी पिठाच्या डब्यात लपवला.

धाकटा : थांब. हे वाच. 'त्रस्त गृहिणी.' 'चष्मा पिठाच्या डब्यात लपवला ही लेखिकेची चूक. साखरेच्या डब्यात लपवायचा. म्हणजे चहा करताना बायकोच्या हाताला हमखास लागतो आणि ती ओरडते.'

ताई : ...साखरेचा डबा मी कुठंच लिहिला नव्हता.

धाकटा : मीही नाही. आईशप्पथ.

ताई : आईचीच शपथ घेतोस, आणि तीही आत्ता!

(आतल्या खोलीतून आई येते. हातात घडी घातलेले टॉवेल.)

आई : काय रे, कसली शपथ? चहा टाकू का?

ताई : आई, 'कॉलेजकुमार' कोण?

आई : असेल कोणी. मला मेलीला काय कळतंय त्यातलं?

धाकटा : आई, टॉवेल खाली ठेव. आणि माझ्याकडे बघून सांग.

आई : ...चौदा कमी पडले का गं?

ताई : आई!

आई : तूच फोनवर कोणाला तरी सांगत होतीस, प्रेक्षक नाहीत, मालिका गुंडाळतील म्हणून. मी एकटीनं बघून काय होणार? मग झाले चौदा जण. पोस्टमास्तर जमला होता हो मला.

ताई : ते बाबा आहेत हे तुला कधी कळलं?

आई : पहिल्याच भागात. भूत खोलीबाहेर पडताना दिवा बंद करून गेलं. इतकी शिस्त दुसऱ्या कुठल्या भुताला असणार?

ताई : मग बोलली का नाहीस?

आई : बोलले असते, तर 'आईला त्रास होतो' म्हणून तू लिहायचं थांबवलं असतंस.

धाकटा : होतो का त्रास?

आई : होतो की. पण दर गुरुवारी अर्धा तास ते घरात असतात, आणि मला त्यांच्यावर चिडता येतं. दवाखान्यातल्या त्या दोन महिन्यांत एकदाही चिडता आलं नव्हतं रे.

ताई : शुक्रवारी मी त्यांना खरं सांगणार आहे. कोणी लिहिलं आणि कशासाठी, सगळं. मग आणू देत दुसरा लेखक.

आई : माझ्यामुळे तुझं काम जाणार?

ताई : जाईल किंवा राहील. पण उद्या लिहून द्यायचा भाग अजून माझ्या हातात आहे. सांग, काय लिहू? आता खोट्या नावानं नाही, समोर सांग.

आई : चष्मा साखरेच्या डब्यात.

ताई : लिहिलं. आणि?

आई : आणि तो राखाडी स्वेटर घाल त्यांना. दवाखान्यात नेलं त्या दिवशी घाईत घरीच राहिला होता.