पैठण गाडीच्या ड्रायव्हरची झोप

नाय, शहर रातभर जागं राहू द्या ना! मी कवा नको म्हणलो? पण तुम्हाला सांगतो, मी पहाटेची पहिली पैठण गाडी काढतो, एसटीचा ड्रायव्हर माणूस, अन् घर कुठं? फारूखभाईच्या नान-कलियाच्या हॉटेलावर, ऐन वरच्या मजल्यावर! खाली मोटारसायकली, हॉर्न, स्पीकरवर गाणी, 'फारूखभाई, दो प्लेट और!'... मग मी झोपायचं कवा?

बरं, फारूखभाईशी भांडावं तर माणूस लाखमोलाचा. म्हणतो, 'पुंजारामभाऊ, चितेगाव के कारखानों की रात की शिफ्ट छूटती, पोट्टे भूके आते... उनकू ताला दिखाऊँ क्या?' खरंच हाय ना त्याचं! पण मी झोपायचं कवा? परवा चितेगावच्या अलीकडं पापणी मिटली, जराशीच हो, तर कंडक्टर साळूबाई किंचाळली, 'अवो दादा, ट्रक!'... गाडी वाचली, पण पैठण येईस्तोवर साळूबाईला मी माझ्याशी बोलतच ठेवली. हसू नका, मागं गाडीभर माणसं बसलेली असतात.

म्हणून अर्ज केला. शहरात म्हणे नवी समिती निघालीय, रातचा धंदा बी चालावा अन् लोकांची झोप बी व्हावी, असा मेळ घालणारी! समितीचे साहेब सुनावणीला खुद्द आमच्या गल्लीत येणार. मी खूश! पण आमचे नगरसेवक नानासाहेब... 'साहेब पहिल्यांदा वॉर्डात येणार अन् सत्कार नाय? शोभतं का?' झालं! सुनावणी आवाजाची, अन् तिला मंडप, भिंतीएवढे स्पीकर, ढोल-ताशा, वर फटाक्यांची माळ! मी हात जोडले, 'नानासाहेब, अवो तक्रारच आवाजाची...' 'गप रे, तू तर आजचा मुख्य माणूस!' अन् मला साहेबाशेजारी बसवलं, स्पीकरच्या बरोब्बर खाली, गुबगुबीत सोफ्यावर.

सोफा हो! पैठण करून आलेला माणूस मी, अंगावर शाल, समोर पंखा, अन् नानासाहेबांनी माईक धरला, 'मी जास्त वेळ घेणार नाही'... एवढंच मला आठवतं.

जागा झालो तवा टाळ्या चालू होत्या. मी बी वाजवल्या! आमची बायको भागूबाई चिमटे काढून काढून दमलेली. मी म्हणलं, 'काय झालं गं?' तर म्हणे, 'तुमचा निकाल लागला! साहेब माईकवर म्हणले, अर्जदार एवढ्या ढोल-ताशात घोरतोय, सबब आवाजानं झोप मोडत नाही, तक्रार निकाली!'

मी धावलो, 'साहेब, अवो साहेब...' पण फटाके लागले, कोण ऐकतंय? गेली साहेबाची गाडी! फारूखभाईनं खांद्यावर हात ठेवला, 'भाऊ, मैं उठके बोलनेवालाच था, होटल का स्पीकर निकाल देता करके... पन तुम इत्ते मजे में सोये थे, उठाने कू जी नै चाहा. अब तो सायब बोल दिये, गाने बंद करो बोला तो पोट्टे मेरा सुनते क्या?'

आता बोला! डेपोत दुपारची गाडी मागितलीय. 'बघू' म्हणतात. तोवर मी झोपायचं कवा? शेवटी नानासाहेबांकडंच जाऊन आलो. म्हणलं, पुढचा सत्कार कुणाचा बी करा, फक्त सोफा तोच ठेवा.