खोक्यातलं अदे

झेल्लेके : सही करायला मुहूर्त लागतो का तुला? की पेन लागतं? पेन हे घे.

योदित : पेन आहे माझ्याकडे, साहेब. फूल नाहीये.

झेल्लेके : मग हे समोर काय आहे? चर्चपासून चौकापर्यंत सगळं पिवळंजर्द करून ठेवलंय!

योदित : पिवळं आहे. अदे नाही.

(अदिस अबाबा. इथल्या वर्षाचा तेरावा, पाच दिवसांचा पाग्मे महिना संपत आला आहे. परवा नवं वर्ष. रस्त्याच्या दुभाजकावर कापडाने झाकलेली एक पाटी. तिच्यापाशी सुशोभीकरणाचा ठेकेदार झेल्लेके, आणि त्याच्याकडे सहा महिन्यांच्या करारावर लागलेली वनस्पतिशास्त्राची पदवीधर योदित. भुरभुर पाऊस.)

झेल्लेके : अगं, पाऊस सरता सरता या शहरात जे जे पिवळं उगवतं ते ते अदे. माझी आई तसंच म्हणायची. तुझीही म्हणत असेल.

योदित : माझी आई पिवळ्या टॅक्सीला अदे म्हणत नाही.

झेल्लेके : जीभ बघा!

योदित : साहेब, इकडे या, वाका जरा. ही पाकळी. टोकाला दाते आहेत, करवतीसारखे, दिसले? अदेच्या पाकळीचं टोक असं फाटलेलं नसतं. पानही निराळं. भाऊबंद आहेत दोघं, एवढं मी म्हणेन. पण हे परदेशातून खोक्यात आलंय.

झेल्लेके : आणि खोक्यावर काय लिहिलंय, वाचलंस? बारा महिने फुलतं! तुझं ते अदे फुलतं किती, चार आठवडे? असल्या फुलावर कुणी ठेका देतं का?

योदित : आपल्याकडे महिने तेरा आहेत.

झेल्लेके : मग पाग्मेचे पाच दिवस सुट्टी देऊ त्याला. माझ्या माणसांना पाग्मेचा पगार नाही, फुलांना तरी कशाला? हे बघ. उद्या मोठे साहेब येणार. गाडीतून उतरणार, फीत कापणार, पाटीवरचं कापड ओढणार. वस्तीतल्या मुली नव्या वर्षाचं गाणं म्हणणार, इथलीच फुलं खुडून साहेबांच्या हातात देणार. फोटो. संपलं. पाकळीचे दाते बघायला ते दंतवैद्य आहेत का?

योदित : पाटीवर काय लिहिलंय?

झेल्लेके : 'अदे-अबेबा, आमच्या नव्या वर्षाचं फूल.' आणि खाली बारीक अक्षरात, 'ओळख तपासली : योदित, वनस्पतितज्ज्ञ.'

योदित : मला न विचारता?

झेल्लेके : रंगारी सणाला गावी निघाला होता. तुला विचारत बसलो असतो तर पाटी कोरी राहिली असती. नाव रंगवून झालंय, आता कागदावर सही तेवढी कर.

योदित : आणि नाही केली तर?

झेल्लेके : तर नव्या वर्षी नवा तज्ज्ञ. केलीस तर कायमची नोकरी. धमकी नाही हं ही, शुभेच्छा आहे.

आस्कालेआजी : (वस्तीकडून येत) अरे ए छत्रीवाल्या! इथला मुकादम कोण?

झेल्लेके : मुकादम नाही आजी, प्रकल्पप्रमुख.

आस्कालेआजी : तेच ते. त्या गटाराकडेची फुलं कुणी नेली?

झेल्लेके : कुठली फुलं?

आस्कालेआजी : अदे! दुसरी कुठली? काल चर्चला जाताना पाहिली, गुडघ्याएवढी, नुकती उमललेली. आज माझ्या नाती जुड्या बांधायला गेल्या तर नुसता चिखल. पोरी डोळे पुसत परत आल्या. परवा दारोदार गात फिरायचं ते काय हातात लाटणं धरून?

झेल्लेके : ते होय! ते तण होतं, आजी. सकाळीच साफ केलं.

योदित : अदे उपटलं? कुणी सांगितलं?

झेल्लेके : तू.

योदित : मी?

झेल्लेके : परवा मजुरांना ओळीत उभं करून शिकवलंस की. 'जे आपण लावलं नाही, ते तण. मुळासकट काढायचं.' मला फार आवडलं बघ. सुटसुटीत. शाळेत असं शिकवलं असतं तर मीही शास्त्रज्ञ झालो असतो.

योदित : मी दुभाजकाबद्दल बोलत होते! गटाराबद्दल नाही.

झेल्लेके : विज्ञान एकदा डोक्यात शिरलं की गटारापाशी थांबत नाही.

आस्कालेआजी : ही कोण?

झेल्लेके : आमच्या तज्ज्ञ. फुलं ओळखतात.

आस्कालेआजी : दिसतंयच.

योदित : आजी, चूक माझीच आहे. आणि नुसती परवापुरती नाही. अदेचं रोप एका वर्षाचं. फुलतं, बी धरतं, मरतं. ते बी खाली पडलं तर पुढच्या पावसानंतर पुन्हा उगवणार. आत्ता बी धरायच्या आधीच उपटलं. थोडंफार जुनं बी मातीत असेल, पण त्यावर माझा भरवसा नाही.

आस्कालेआजी : म्हणजे पुढच्या वर्षीही नाही?

योदित : बहुतेक नाही.

झेल्लेके : एवढं काय तोंड पाडता दोघी! पोरींना यातली द्या की. उद्या इथं गायला त्याच तर येणार आहेत. पांढरे कपडे, हातात पिवळी फुलं, कुणाला कळणार?

आस्कालेआजी : पोरींना कळेल. गाण्यात नाव अदेचं घ्यायचं आणि हातात हे धरायचं? वर्षाच्या तोंडावर खोटं बोललं की वर्षभर बोलावं लागतं, बाळा.

झेल्लेके : आमच्या धंद्यात तसंही बोलावं लागतं.

आस्कालेआजी : तुझा धंदा तुला लखलाभ. पोरी येणार नाहीत.

झेल्लेके : अहो आजी! येणार नाहीत म्हणजे? कार्यक्रमात लिहिलंय 'गाणं'! साहेबांना फुलं कोण देणार? मी? पांढरा झगा घालून?

आस्कालेआजी : शोभेल. पोटावर जरा उसवून घे.

योदित : साहेब, उपटलेलं कुठे टाकलंय?

झेल्लेके : चर्चच्या कुंपणामागे ढीग पडलाय. ट्रक न्यायला येणार होता, पण ड्रायव्हर सणाची मेंढी आणायला गेला तो गेलाच.

योदित : मुळासकट काढलंय ना?

झेल्लेके : तुझाच हुकूम.

योदित : सकाळपासून पाऊस आहे. मुळं ओली असतील. सगळी नाही जगणार, पण निम्मी जगतील.

झेल्लेके : थांब, थांब! म्हणजे ती आणून इथं पुढच्या रांगेत खोचली तर? पाटी खरी, पोरी खूश, साहेब खूश! वा रे पोरी! उद्या टिकली की झालं. परवा फेकून देऊ.

योदित : खोचायची नाहीत, लावायची. आणि फेकायची नाहीत. बी गळेपर्यंत हात लावायचा नाही. हिदार महिना लागेपर्यंत.

झेल्लेके : दोन महिने? डोकं फिरलंय का? अडीच आठवड्यांनी मेस्केलचा सण झाला की त्याच्या काड्या होतात. सुशोभीकरणाच्या दुभाजकावर वाळक्या काड्या ठेवू? लोक विचारतील, सुशोभीकरण कुठंय!

योदित : मग माझी सही नाही.

आस्कालेआजी : आणि गाणं नाही.

झेल्लेके : भर रस्त्यात, भर दिवसा लुटताय मला दोघी.

योदित : पाटीवर अजून एक ओळ हवी. 'वाळलं तरी उपटू नये.'

झेल्लेके : रंगारी गावी गेलाय, सांगितलं ना.

योदित : रंगाचा डबा आहे ना? मी लिहीन.

झेल्लेके : योदित, आता थट्टा नाही. मोठ्या साहेबांना वाळलेलं अजिबात खपत नाही. मागच्या रस्त्यावर त्यांना एक पिवळं पान दिसलं, तर माळ्याची बदली झाली. पाटीवर नाव तुझं आहे, माझं नाही. कायमची तर सोडच, आहे तीही नोकरी जाईल.

योदित : माहीत आहे.

झेल्लेके : माहीत आहे, म्हणते! आणि माझी खोक्यातली? त्यांचं काय लिहिणार?

योदित : त्यांचं जे नाव आहे ते. त्यांनी काय पाप केलंय?

आस्कालेआजी : मी पोरींना घेऊन येते. जुने कपडे घालून येतील, हात लावतील. आणि तज्ज्ञबाई, जुड्यांपुरती फुलं खुडू द्याल ना त्यांना?

योदित : खुडू देत की. फक्त प्रत्येक रोपावर चार-दोन राहू देत, आजी. बीसाठी.

आस्कालेआजी : आता कशी बोललीस. चल, आधी ढीग दाखव. आणि तू रे प्रकल्पा, छत्री मीट, कुदळ घे.

झेल्लेके : घेतो, घेतो. पण योदित, दोन महिन्यांनी साहेब इथूनच जाणार, गाडीची काच खाली करणार आणि विचारणार, झेल्लेके, या काड्या कसल्या? तेव्हा मी काय सांगायचं?

योदित : सांगा, पुढच्या वर्षीचं अदे आहे.