रिकामी आहे हो!

नाही, पण मी म्हणतो, खुर्ची मी बनवायची, कापड मी लावायचं, आत काथ्या मी ठासायचा, आणि भोक पडायचं ते नेमकं माझ्याच छातीच्या उंचीवर? हा काय न्याय झाला? बरं, तक्रार करावी तर कुणाकडे? सासऱ्यांकडे? त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, तुम्हाला सांगतो... "रिकामी आहे हो!"

बंदुकीबद्दल बोलतोय मी. सासऱ्यांची दुनळी बंदूक. सासरे जमीन मोजणीच्या खात्यात होते, रानात तंबू ठोकून राहायचे, तेव्हा जनावरांच्या भीतीने रीतसर परवाना काढून घेतलेली. जनावर एकही मारलं नाही. निवृत्त झाले, मोजणीच्या साखळ्या खात्यात जमा केल्या, बंदूक मात्र घरी आली आणि बैठकीच्या खोलीत दोन खिळ्यांवर जाऊन बसली. आणि तिच्या बरोब्बर समोर कोण? मी! माझा सोफे-खुर्च्यांचा धंदा, लग्नानंतर हौसेने सासुरवाडीला एक खुर्ची करून दिली, उंच पाठीची, हिरव्या कापडाची. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची सोय केली म्हणा ना! कारण त्या घरात जावयाने जावयाच्याच खुर्चीत बसायचं. दुसरीकडे टेकलो की सासूबाई आमच्या हिला आत नेऊन विचारणार, भांडलात का गं?

सासूबाईंचं एकच म्हणणं, वस्तू जागच्या जागी हवी. रिकामा हँगर दिसला की त्यावर शर्ट, उघडा डबा दिसला की त्यावर झाकण. मी एकदा चष्मा काढून डोळे चोळत होतो, तेवढ्यात चष्मा घरात घालून, घर कपाटात घालून, कपाट बंद! मी आपला आंधळ्यासारखा चाचपडतोय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर सासऱ्यांची एक रीत होती. पाहुणा यायचा, चहा व्हायचा, पाहुण्याची नजर भिंतीवर जायची, की हे उठलेच. बंदूक काढायची, घोडा मागे ओढायचा, समोर धरायची, चाप दाबायचा... टिक्! पाहुण्याचा कप बशीत थडथडतोय आणि हे हसतायत, "घाबरता काय, रिकामी आहे हो!" आता समोर म्हणजे कुठे? मी बसलोय तिथे! अहो, त्या खुर्चीत मी इतक्या वेळा मेलोय की यमालाही माझा कंटाळा आला असेल. हिला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग. ही म्हणते, बाबांचा स्वभावच तसा आहे. स्वभाव! स्वभावाला काय नळी असते?

आणि गंमत बघा, या माणसाला सुरक्षेचे सगळे नियम तोंडपाठ. बंदूक नेहमी भरलेली समजावी. नळी माणसाकडे करू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. काडतुसं बंदुकीपासून लांब ठेवावीत. आमची चिमी पहिलीत आहे, तिला पाढे येत नाहीत, पण हे नियम आजोबांनी घोकून घेतलेत. ती धडाधड म्हणून दाखवायची आणि आजोबांचे डोळे भरून यायचे. काडतुसं लांब ठेवायचा नियम तर ते पाळायचेसुद्धा. कुठे? सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात! का, तर तिथे चोर बघणार नाही. चोर बघणार नाही हो, पण सासूबाई रोज बघतात ना? रिळांच्या मधे ही लठ्ठ लाल काडतुसं बघून त्यांच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. भीतीने नाही, जागा चुकलीय म्हणून.

अशात सरकारने काढलं, की या नियमांचा आता कायदाच करायचा. बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, नाही पाळलं तर दंड आणि परवाना रद्द. लोकांची मतं ऐकायला सोमवारी सभागृहात सभा लावली. सासरे पेटले! विरोधात बोलायला नाव देऊन आले. म्हणाले, नियम माणसाच्या डोक्यात असावा लागतो, कायद्याने अक्कल येत नसते. दात घासायचा कायदा आहे का? नाही ना? तरी आपण घासतोच ना? आता आमच्या दुकानातला सुतार घासत नाही, पण ते जाऊ द्या. मी एवढंच म्हटलं की आमच्या धंद्यात कापायच्या मशीनला जाळी लावायचा नियम होता, तोवर कुणी लावली नाही. कायदा झाला, तपासनीस दारात उभा राहिला, त्या दिवशी झाडून सगळ्यांनी लावली. माझ्या उस्तादाची दोन बोटं मात्र नियमाच्या काळातच गेली.

यावर सासरे म्हणाले, "तुमचे उस्ताद गाफील असतील, जावईबापू. मी आहे का गाफील?"

सासऱ्याला गाफील म्हणायचा कायदा अजून झालेला नाही.

मग आला तो रविवार. दुसऱ्या दिवशी सभा, म्हणून आदल्या दिवशी भाषणाची तालीम, आणि ऐकायला आम्ही तिघं, मी, ही आणि चिमी. सकाळी सासऱ्यांनी म्हणे बंदूक साफ करायला घेतली होती. मधून मोडून, उघडी करून, टेबलावर कागद पसरून, तेलपाणी चाललेलं. एवढ्यात दारात कोणी आलं, हे गेले बोलायला, आणि बोलण्यात रमले. हे सगळं आम्हाला नंतर कळलं हं. त्या वेळी मी काय, नेहमीसारखा खुर्चीत. चिमी मांडीवर. सासरे समोर बंदूक घेऊन उभे.

भाषण काय रंगलं म्हणता! आवाज चढला, मान ताठ झाली. "सज्जनहो, ज्याला नियम येतात त्याला कायद्याचा धाक कशाला? पहिला नियम, बंदूक नेहमी भरलेली समजावी." असं म्हणून घोडा ओढला. नळी? माझ्याकडे!

चिमी म्हणाली, "आजोबा, नळी बाबांकडे आहे."

"रिकामी आहे गं!"

पण ती पहिलीतली मुलगी हो, तिला नियम म्हणजे नियम. तो मोठ्यांनी पाळायचा नसतो हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. उतरली मांडीवरून, माझा हात धरला आणि ओढायलाच लागली. "बाबा उठा. नियम आहे." मी म्हणतोय, अगं बस, आजोबा बोलतायत. ऐकेचना! शेवटी उठलो, वैतागून उठलो, दोन पावलं तिच्यामागे गेलो...

टिक् झालं नाही.

तुम्हाला सांगतो, तो आवाज कानाला ऐकू येत नाही, पोटाला येतो. खोलीभर धूर, काथ्याची धूळ, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीत एवढं भोक. मी चिमीला पोटाशी घट्ट धरलं होतं, मला सोडवत नव्हतं, आणि खरं सांगतो, मी रडत होतो. सासरे पांढरेफटक. ओठ हलतायत, शब्द काय, तर "रिकामी... रिकामी होती हो..."

आणि स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई, हात पुसत, अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, दोन घातली होती मी."

दोन! म्हणजे एक अजून आत आहे! असे पालथे पडलो आम्ही सगळे जमिनीवर, सासऱ्यांसकट, बंदूक मधे आणि आम्ही भोवती. काय झालं होतं, सकाळी सासूबाई टेबल आवरायला आल्या, बघतात तर बंदूक उघडी आणि दोन गोल भोकं रिकामी. डब्यात दोन गोल वस्तू, कधीपासून जागा चुकलेल्या. त्यांनी घालून पाहिल्या, बरोब्बर बसल्या! मिटली खट्कन, टांगली खिळ्यावर. सांगताना चेहऱ्यावर समाधान होतं हो, की इतक्या वर्षांनी त्यांची जागा सापडली! मग खुर्चीतल्या भोकाकडे नजर गेली, तेव्हा हळूहळू त्यांना कळलं, आणि त्या भिंत धरून खालीच बसल्या.

सोमवारी सासरे सभेला गेले. मला वाटलं जाणार नाहीत. मला बरोबर नेलं. नाव पुकारलं, उठले आणि म्हणाले, "मी विरोध करायला आलो होतो. नियम मला तोंडपाठ आहेत. काल मी माझ्या जावयाच्या खुर्चीवर गोळी झाडली. कायदा करा." आणि बसले. घरी येताना गाडीत माझा हात धरून ठेवला होता. मी खुर्ची दुकानात आणून उसवली, काथ्यातून छर्रे निघाले ते वाटीत जमा केले. किती होते ते मोजलं नाही, मोजवेना.

झाला, कायदा झाला! मी पेढे वाटायचाच बाकी होतो. म्हटलं, सुटलो. पण कायदा म्हणजे कायदा, तो पूर्ण वाचावा लागतो. बंदुकीचं लोखंडी कपाट पक्क्या भिंतीत बोल्टने बसवलेलं हवं. तपासनीसाने सासऱ्यांच्या भिंतीवर टकटक केलं, म्हणाला, पोकळ आहे. नातेवाइकांपैकी कुणाची भिंत भरीव आहे का?

आमची आहे.

आता कपाट आमच्या बैठकीच्या खोलीत. बंदूक माझ्याकडे, काडतुसं सासऱ्यांकडे कुलपात, शिवणाचा डबा मोकळा, सगळं कायदेशीर. परवा एक गिऱ्हाईक घरी आलं, कापडाचे नमुने बघता बघता त्याची नजर कपाटावर गेली. काय आहे हो यात? मी सांगितलं. त्याचा कप बशीत थडथडायला लागला. आणि काय सांगू तुम्हाला, माझ्याच तोंडून, हसत हसत, अगदी त्याच सुरात निघालं...

"घाबरता काय, रिकामी आहे हो!"

चिमी कोपऱ्यात चित्र काढत बसली होती. उठली. गिऱ्हाइकाचा हात धरला, म्हणाली, काका उठा. तेव्हापासून आमच्याकडे कुणीही येवो, चहा आम्ही स्वयंपाकघरातच देतो.