मागच्या बसमधलं कार्ड

दातांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. कुजबुजत होते म्हणे! भिंतींनाही ऐकू जात होतं, मी तरी कान कुठं ठेवू?

"दादा, शहरातली माणसं कुठून कुठं जातात त्याचा नकाशा करतोय आम्ही ऑफिसात. बसमध्ये चढता-उतरताना कार्ड लावतात ना, त्यावरून. त्यात बाबांचं कार्ड दिसलं."

"नावं कळतात तुम्हाला?"

"नुसता नंबर. पण कार्ड मीच काढून दिलंय त्यांना."

"मग? वाचनालयात जात असतील."

"दर मंगळवारी कॅन्सरच्या हॉस्पिटलपाशी उतरतात. अकरा आठवडे झाले."

"काय बोलतेस! एकटे? आईला कळलं तर हाय खाईल गं ती."

"आईचंही कार्ड आहे नकाशात."

"आईचं? गुडघ्यांपायी जिना उतरत नाही ती!"

"मंगळवारी उतरते. बाबांच्या मागच्या बसनं जाते, त्याच थांब्यावर उतरते."

"आणि बाबांना पत्ताच नाही?"

"कसा असेल? येताना ती एक बस आधी पकडते, दादा. ते घरी पोचतात तेव्हा दार तीच उघडते."