भोंगा वाजेपर्यंतचा खोकला

आणि वर मलाच विचारतात, आजोबा, तुम्ही खोकलात का नाही म्हणून. आता ह्याला काय म्हणायचं? आधी सगळ्यांनी मिळून महिनाभर बजावायचं की खोकायचं नाही, गाडीत बजावायचं, विमानात बजावायचं, तोंडात घास असताना बजावायचं... आणि मी खोकलो नाही, तर मग हे! चालू द्या. रांग काही हलत नाही, गेट उघडायला वेळ आहे, तोवर तुम्हाला सांगतो. मी फार बोलणारा माणूस नाही. आणि खोकणारा तर नाहीच. मी खोकणारा माणूस नाही, हे आधी ध्यानात घ्या, मग पुढचं ऐका.

मी खाकरतो. खोकला हा आजार आहे, खाकरणं ही सवय आहे. उभा जन्म मी सार्वजनिक तरणतलावावर पंप चालवला. पाणी खेचायचं, गाळायचं, क्लोरीन टाकायचं, परत सोडायचं. पंपाची खोली म्हणजे तुमच्या न्हाणीघराएवढी, वाऱ्याला एक झरोका, आणि क्लोरीनचा डबा उघडला की डोळ्यांतून, नाकातून एकदम धार. त्यात कुणाचा घसा धड राहील? पण मी तक्रार केली नाही. घसा साफ करायचा आणि कामाला लागायचं. झालं.

तर आमची नात. मी तिला बेडकी म्हणतो, कारण पोरगी रांगायच्या वयात पाण्यात हातपाय मारायला लागली. जरा मोठी झाल्यावर, तलाव लोकांना उघडायच्या आधी मी तिला सकाळी पोहायला सोडायचो. आता उडी कधी मारायची हे तिला सांगायचं कसं? शिट्टी जीवरक्षकाची, आणि तो ती कपाटात कुलपात ठेवून घरी जायचा, जशी काही सोन्याची. माझे दोन्ही हात व्हॉल्व्हच्या चाकावर. पंपाच्या आवाजात हाक मारली तर ऐकू जाते न जाते. खाकरणं मात्र त्या घरघरीतूनही आरपार जायचं, मग मी तिथूनच दाराकडे तोंड करून खाकरायचो. इकडे मी खाकरलो की तिकडे धप्प! वर्षानुवर्षं हेच चाललं. पोरगी शाळेच्या शर्यती जिंकली, मोठ्या मुलींच्या जिंकली, तोवर कुणाला ह्यात काही वावगं दिसलं नाही.

मग कोचबाई आल्या. बाई हुशार, शिस्तीची, गळ्यात घड्याळ, बोलताना तुमच्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघणार. त्यांनी पोरीला घेतलं आणि पहिल्याच मोठ्या स्पर्धेत काय झालं? सगळ्या मुली उडीच्या ठोकळ्यावर वाकलेल्या, सुटायचा भोंगा वाजायचाय, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि वरच्या रांगेत कुणीतरी गृहस्थ खोकले. मी नव्हे. मी त्या दिवशी कामावर होतो. कुणीतरी परके गृहस्थ. आणि आमची बेडकी पाण्यात. एकटी! बाकीच्या अजून वाकलेल्याच, मान तिरकी करून बघताहेत की ही कुठे गेली. ह्या खेळात भोंग्याआधी उडी पडली की संपलं, बरं का. दुसरी संधी नाही, रडून उपयोग नाही, टॉवेल उचला आणि घरी जा. बाईंनी विचारलं, का गं उडी मारलीस? ही म्हणते, आजोबा खाकरले ना. बाई म्हणाल्या, आजोबा आहेत कुठे इथे?

मग बाईंनी वर्षभर तिच्यावर मेहनत घेतली. ती ठोकळ्यावर वाकली की मागून कुणी शिंकायचं, कुणी बादली पाडायची, कुणी फुगा फोडायचा. पोरगी हलेना झाली. अगदी दगड. फक्त माझं खाकरणं तेवढं तिच्यावर करून बघितलं नाही. मी स्वतः म्हटलं, येऊ का एकदा तलावावर? बाई म्हणाल्या, तो प्रयोग नको.

आणि मग ह्या स्पर्धा. सगळे देश, सगळे खेळ, चार वर्षांतून एकदा. बेडकीची निवड झाली तेव्हा आमच्या गल्लीत तीन दिवस कुणी कुणाशी भांडलं नाही. बाई घरी आल्या, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही टीव्हीवर बघितलंत तर बरं होईल." मी म्हटलं, जिला मी माझ्या हातानं पाण्यात सोडली तिला मी डब्यात बघणार नाही. बाईंनी घड्याळ बघितलं.  मग सूनबाई मध्ये पडली, म्हणाली, बाबा येतील, पण खोकणार नाहीत, जबाबदारी माझी. म्हणजे मी काय दूधपितं पोर आहे? तिला तिथेच सांगितलं, मी खोकणारा माणूस नाही.

त्या दिवसापासून माझ्या घरात माझ्याच घशावर पहारा. थंड पाणी बंद. तळलेलं बंद. पंखा एकवर. सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या, संध्याकाळी काळं औषध, त्याची चव... जाऊ द्या. मी खाल्लं, प्यायलो, ब्र काढला नाही.

इथे आल्यावर सुरुवातीच्या फेऱ्या नीट पार पडल्या. आम्ही पार छताजवळ बसलो होतो, तिथून नगारा बडवला असता तरी खाली पोचला नसता. बेडकी पुढे पुढे सरकत गेली आणि परवा अंतिम फेरी. अंतिम फेरीत पोचलेल्यांच्या घरच्यांचा मान म्हणून जागा कुठे दिली? तिसऱ्या रांगेत. ठोकळ्यांच्या बरोब्बर मागे! पोरीच्या पाठीवरचा तीळ दिसत होता मला. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. ती त्या खुर्च्या लावणाऱ्या पोराला विचारते, आम्हाला लांबची जागा नाही का मिळणार? तो तिच्याकडे बघतच राहिला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नसणार.

त्यात गेटवरच्या पहारेकऱ्यानं औषधाची बाटली काढून घेतली. पातळ काही आत न्यायचं नाही म्हणे. पाण्याची बाटलीही गेली. खोकल्याच्या गोळ्या होत्या खिशात, त्या मी रांगेतच संपवल्या. घाबरून नव्हे. तोंड कोरडं पडलं होतं म्हणून.

आणि आत पाऊल टाकलं... तुम्हाला सांगतो, बंदिस्त तलाव, वर छत, उबदार दमट हवा, आणि तो वास. क्लोरीन! काम सोडल्यापासून तो वास असा भरभरून आला नव्हता. नाकाला बरं वाटलं. पण घशानं ओळखलं. आत कुठेतरी, इथे, ह्या गाठीच्या खाली, एक पीस हलल्यासारखं झालं. मी सूनबाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला उचलून बाहेर नेलं असतं.

आता शर्यत कशी असते ते ऐका. पन्नास मीटर. इकडून उडी, तिकडे हात, संपलं. अर्ध्या मिनिटाच्या आतला खेळ. लांबच्या शर्यतीत सुरुवात हुकली तर भरून काढता येते, इथे भरून काढायला पाणीच उरत नाही. आधी छोट्या छोट्या शिट्ट्या वाजतात, मुली अंगावरची जॅकेटं काढतात. मग एक लांब शिट्टी, मुली ठोकळ्यावर चढतात, आणि सगळं सभागृह गप्प. मग एकजण स्पीकरवर शांतपणे सांगतो, तयार व्हा, मुली वाकतात, आणि मग भोंगा. आता हा भोंगा कधी वाजेल ते त्या माणसाच्या मनात. लगेच वाजवेल, नाहीतर सगळ्या स्थिर होईपर्यंत थांबेल. त्याच्यावर कुणाची जबरदस्ती नाही!

छोट्या शिट्ट्या झाल्या. पीस वर सरकलं. लांब शिट्टी झाली. हजारो माणसं, आणि एकदम असं गप्प, की वरच्या दिव्यांची गुणगुण ऐकू येते. मी ओठ मिटले. नाकानं श्वास घेतला, तर नाकातून क्लोरीन. श्वास घेणं बंद केलं. मुली वाकल्या. बेडकीची बोटं ठोकळ्याच्या काठावर पांढरी झालेली दिसत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कानांत भट्टी पेटली, मांडीला चिमटा घेतला, दुसऱ्या मांडीला घेतला, मनात म्हटलं, वाजव रे, वाजव बाबा, काय मुहूर्त बघतोयस... आणि वाजला.

फोन!

माझ्या शेजारच्या जाड्याचा फोन. नाचाचं गाणं, ढिंगचाक ढिंगचाक. भोंगेवाल्यानं हात वर केला, सगळ्या मुलींना उभं राहायला सांगितलं. आमची बेडकी हलली नव्हती, बरं का. दगड. सगळ्या ठोकळ्यावरून खाली उतरल्या, आणि सगळं सभागृह वळून बघायला लागलं. कुणाकडे? माझ्याकडे! का, तर त्या जाड्यानं फोन मांडीखाली दाबून तोंड भोळं करून ठेवलं होतं, आणि माझा चेहरा वांग्यासारखा झालेला, डोळे बाहेर, गालावर पाणी. पुढची एक म्हातारी मला बोटानं दटावते. मी काय सांगणार? तोंड उघडलं तर फोनपेक्षा मोठं काहीतरी बाहेर येणार.

मी म्हटलं, आता मुली खाली आहेत, एकदा घसा मोकळा करून घेऊ. तोंड उघडणार, तर सूनबाईनं गळ्यातला स्कार्फ ओढला आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडावर दाबला. नाकासकट! "बाबा, नको. हात जोडते, आत्ता नको." हात जोडते म्हणाली, पण हात तर माझ्या तोंडावर. मी तिच्याकडे बघतो, ती माझ्याकडे बघते, दोघांच्या डोळ्यांत पाणी, आणि मला दिसलं की ही बाई महिनाभर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे. मी मान हलवली. नाही खोकणार. मी खोकणारा माणूस नाही.

परत लांब शिट्टी. परत तेच सगळं, पहिल्यापासून. परत वाकल्या. दिवे गुणगुणताहेत. ह्या वेळी पीस नव्हतं हो, झाडू होता, आतून कुणीतरी झाडत होतं. मला पिवळं दिसायला लागलं. आणि तो थांबलाय. थांबलाय. अजून थांबलाय...

भोंगा वाजला. सभागृह फुटलं, माणसं उठून ओरडायला लागली, आणि मी खोकलो. काय खोकलो म्हणून सांगू! गुडघ्यांत डोकं घालून, खुर्चीला धरून, जन्माचं सगळं क्लोरीन एकदम बाहेर. जाड्या माझी पाठ चोळतोय, म्हातारी पाणी देतेय, मी खोकतोय. डोकं वर केलं तेव्हा पाणी शांत व्हायला लागलं होतं आणि मुली दोरीला लटकून धापा टाकत होत्या. जिच्यासाठी समुद्र ओलांडून आलो, तिचा एक हात फिरताना मी पाहिला नाही.

कितवी, म्हणून विचारलं. सूनबाई रडत होती, काही सांगेना. जाड्यानं माझ्यासमोर चार बोटं धरली. नखाएवढ्या फरकानं तिसरी हुकली होती.

जगात चौथी. कुणीही म्हणेल, मोठी गोष्ट आहे. मीही म्हणतो. पण पदकं तीनच असतात.

नंतर मागच्या बोळात घरच्यांना भेटायला देतात. ओल्या केसांनी पोरगी धावत आली, मला वाटलं, गळ्यात पडून रडेल. तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवलं.

"आजोबा, तुम्ही ठीक आहात ना?"

मी म्हटलं, मला काय झालंय?

तर झालं होतं असं, की फोन वाजल्यावर तिनंही वळून पाहिलं होतं. आणि तिला काय दिसलं? आजोबांचे डोळे पांढरे, आणि आई त्यांच्या तोंडावर कापड दाबून रडतेय. पोरीला वाटलं, म्हातारा गेला. "मला वाटलं, तुम्ही गेलात, आणि मला शर्यत संपेपर्यंत कुणी सांगणार नाही." ठोकळ्यावर वाकली ती कान मागे लावून. मी एकदा तरी खाकरेन, म्हणजे जिवंत आहे, म्हणून. आणि त्या नादात भोंगा वाजला. कोचबाईंनी घड्याळ दाखवलं. आठ जणींत सगळ्यात शेवटी सुटली ती. पाण्यात चौघींना मागे टाकलं, पण सुटली शेवटी. आणि मग बाईंनी घड्याळावरून मान वर करून, चक्क माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "आजोबा, तुम्ही खोकलात का नाही?"

आता ह्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा. 

तर आज रिले आहे. चौघी मुली, एकीमागून एक, आणि पहिली उडी बेडकीची. तिची चुकली तर चौघी बाद, आणि बाकी तिघींचे आईबाप माझ्या मागेच बसणार आहेत. बाईंनी मला काल बसवून नीट समजावलं. छोट्या शिट्ट्या वाजताना, मुली जॅकेट काढत असताना, एकदा खाकरायचं. खणखणीत. तिला ऐकू गेलं पाहिजे, म्हणजे ती निवांत. लांब शिट्टी झाली की तोंड बंद. म्हटलं, ह्यात काय आहे? माझं तर आयुष्य गेलं त्यात.

पण येत नाही हो!

परवा जे काय बाहेर पडलं त्यानंतर घसा असा साफ झालाय, असा गुळगुळीत, की लहान मुलाचा नसेल. काल दुपारपासून प्रयत्न करतोय. सूनबाई, जिनं महिनाभर थंड पाणी दाखवलं नाही, तिनं सकाळी मला दोन आइस्क्रीमं चारली आणि पंख्याखाली बसवलं. काही नाही. मुद्दाम काढून बघितलं तर बेडकी हसायला लागली, म्हणाली, हे तुमचं नाही, हे कुणी दुसरंच खाकरतंय. माझा मुलगा घरून फोनवर विचारतो, बाबा, आला का? सगळं घर माझ्या खोकल्याची वाट बघतंय, आणि मी... मी खोकणारा माणूस नाही.

चला, गेट उघडलं वाटतं. ढकलू नका, जाऊ सगळे. अहो, एक विचारू? तुमच्यात कुणी विडी-सिगारेट ओढतं का? मग ओढा की, लाजू नका, आत गेल्यावर ओढू देणार नाहीत. मला नको. तुम्ही फक्त धूर इकडे सोडा.