पान एकशेबारा

लेक: पुन्हा तेच, बाबा. तुमच्या कंपनीचा राउटर आमच्या कंपनीच्या राउटरशी जोडलाच जात नाहीये. तिसऱ्यांदा नापास.

बाबा: माझा जोडला जातोय. तुझा थांबत नाही. कंपन्यांच्या संघाने ठरवलेल्या मानकाचं पान एकशेबारा काढ. घरात दुसऱ्या कंपनीचा राउटर आला, की आधी त्याची ओळख तपासायची, मगच उत्तर द्यायचं. त्यासाठी समोरच्याने दहा सेकंद थांबायचं. मला सहा लागतात. तुझा दोन सेकंदांत पाठ फिरवून मोकळा!

लेक: उगाच नाही चाचणीचा अख्खा हॉल तुम्हाला 'एकशेबारा' म्हणत. अहो, सगळेच दोन थांबतात. सकाळपासून सतरा कंपन्यांच्या टेबलांवर बसून आले मी. एकीचंही अडलं नाही.

बाबा: कारण त्या तपासतच नाहीत. दार सताड उघडं, कोणीही यावं. लोकांच्या घरात शिरतोय आपण, बाई. त्यांचे कॅमेरे, त्यांच्या मुलांचे फोन...

लेक: हळू बोला. टेबलावरचं टेबलावरच राहावं, हा संघाचा नियम तुम्हीच केलात ना? ऐका माझं. पाचला टेबलं उठतात. आज संघाचा शिक्का नाही मिळाला तर सोमवारी तुमचा विभाग बंद. अकरा माणसं आहेत. त्या सोल्डरिंगवाल्या मावशींना या वयात कोण घेणार?

बाबा: हे तू मला सांगतेस? रोज त्यांच्याशेजारी बसून जेवतो मी.

लेक: मग काढा ना ती तपासणी. कोडची एक ओळ तर आहे. सगळे जे करतात तेच आता स्टँडर्ड, कागदात काही का असेना.

बाबा: सगळ्यांनी नाही केलं. एकाने केलं, बाकीच्यांनी डोळे झाकून उतरवलं. तुमची कंपनी सगळ्यांत मोठी. तुमच्याशी जुळलं नाही तर बाजारात विचारतंय कोण?

लेक: एवढं होतं तर आमचा राउटर तेव्हाच का नाही अडवलात? त्याच्या पहिल्या चाचणीला अध्यक्ष तुम्हीच होतात.

बाबा: ...चहा सांगू का?

लेक: बाबा.

बाबा: तो राउटर घेऊन कोण आलं होतं, आठवतंय?

लेक: मीच. नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते.

बाबा: तुझ्या साहेबाने चारचौघांत दम दिला होता, नापास झालीस तर ऑफिसात तोंड दाखवू नकोस म्हणून. तू जिन्यात उभी राहून आईला फोन करत होतीस, हुंदके देत. मी वरच्या पायरीवर होतो.

लेक: पण तो पास झाला! पहिल्या फटक्यात. त्याच्यावर तर बढती मिळाली मला.

बाबा: पास नव्हता झाला. मी सही केली. म्हटलं, पोरगी हुशार आहे, पुढच्या खेपेला दोनाचे दहा करेल.

लेक: मला कुणी सांगितलंच नाही.

बाबा: नाही सांगितलं. तुझा चेहरा इतका फुलला होता त्या दिवशी... मग राहूनच गेलं. चौदा वर्षं झाली. लाज वाटते गं.

(लेक निकालाचा कागद ओढून घेते.)

लेक: मी लिहिते. दोष आमच्या राउटरमध्ये. खाली माझी सही. साहेब फाडून खाऊ देत मला.

बाबा: लिही. लिहायलाच हवं. पण तुमचे राउटर घराघरांत भिंतीवर टांगलेत. ते सुधारता सुधारता वर्ष जाईल. माझ्या माणसांकडे चाळीस मिनिटं आहेत.

लेक: म्हणजे?

बाबा: माझा कीबोर्ड तुझ्यापुढेच आहे. ती तपासणीची ओळ खोड.

लेक: माझ्याने नाही होणार, बाबा. आता नाही.

बाबा: सरक मग. मी करतो. त्या दिवशीही मीच केलं होतं.