एक तास मागितला, एकच!

न्हाई, तुम्हीच सांगा, एक तास म्हणजे किती व्हतो हो? साठ मिनिटं! लग्नात आहेर द्यायच्या लाइनीत उभा राह्यलो तर जातो तास, बँकेत पासबुक छापायला गेलो तर जातात दोन, आन् मशीन बंद हाये म्हणून परत यायचं ते येगळंच… आन् मी काय मागितलं? एक तास! मंडळीतल्या एकेका घरानं वर्षातून एक दिवस, एक तास, पंख्याखाली, बाकावर, गप बसायचं! तर येळ आल्यावर एकेकाचं तोंड असं झालं, जसं काय मी त्याची किडनी मागून राह्यलो!

आता तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. मी अप्पाराव. तीस वर्षं एसटीत कंडक्टर व्हतो, जालना–घनसावंगी. आम्ही कॅथलिक, इथं आमची चाळीसेक घरं. गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रभावतीला डेंग्यू झाला. पेशी उतरल्या पार. दवाखान्याच्या जिन्यात बसल्तो, आन् खोटं कशाला बोलू, घाबरल्तो. चाळीस वर्षांची सोबत हो… तर त्या घाबरण्यात मी नवस बोललो. काय बोललो? "येशूबाप्पा, हिला घरी येऊ दे, आमची सगळी मंडळी मिळून अख्खा दिवस तुझी आराधना करीन!"

सगळी मंडळी! अरे येड्या, मेणबत्ती बोल, उपास बोल, तुझ्या एकट्याचं काय ते बोल! पण न्हाई. तीस वर्षं पन्नास-साठ माणसं मागं घेऊन फिरायची सवय, एकट्यापुरतं बोलताच येत न्हाई मला. प्रभावती घरी आली, बिलकुल ठणठणीत. फादरना सांगायला गेलो तर ते कपाळाला हात लावून म्हणतात, "अप्पाराव, नवस सोताच्या जिवावर बोलतात हो, दुसऱ्याच्या येळेवर न्हाई!"

आता आमच्या आराधनेचं कसं असतं, म्हाइत न्हाई त्यांना सांगतो. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमधी, वेदीवर सोनेरी किरणांच्या पात्रात पवित्र भाकर ठेवतात. तुम्हाला भाकर दिसंल, आमच्यासाठी तो खुद्द येशू. समोर बसायचं, बघायचं, मनातलं बोलायचं. पण कायदा काय? एकदा मांडलं की तेला एकटं सोडायचं न्हाई. कोणी ना कोणी समोर पाहिजेच! पुढचा आल्याशिवाय मागच्यानं उठायचं न्हाई. म्हणून मी तक्ता केला, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दहा तास, आन् घरोघर फिरलो.

राजानंदकडं गेलो. गाण्यात पहिला आवाज याचाच, नाताळात झोपलेल्या बाळ येशूला उठवंल असा आवाज! "अप्पा, आराधना म्हणजे आपला श्वास! एकचं लिहा. बराबर एक वाजता." मिथुनकडं गेलो, बियाण्याच्या कंपनीत मोठा साहेब. "अंकल, डन! दोन वाजता." बेबीनंदा मावशीनं तर माझाच हात धरला, "अरे, माझं तीनचं लिही रे बाबा, म्हातारीला दुसरं काय काम हाये?" चार ते सहा आमच्याच घराचे लिहिले. मी घरी येऊन प्रभावतीला म्हणलं, बघ, लोक चांगले असतात! ती म्हणते, "अहो, गाडी सुटू तर द्या."

तर दिवस उजाडला. आठ ते बारा आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांचे तास. एकदम शिस्तीत पार पडले. बारा ते एक माझा. मी आलो, सिस्टर शाळेत गेल्या, फादर घनसावंगीकडं आजाऱ्याला भेटायला गेल्ते ते सहालाच येणार. मी गुडघे टेकले. काय सांगू, पहिला तास असा गेला की कळलं न्हाई. प्रभावतीचं नाव घेऊन किती येळा धन्यवाद म्हणलं, मोजलं न्हाई.

पावणेएकला राजानंद आला! मला भरून आलं. आला, गुडघा टेकला, खिशातून रुमाल काढला, पहिल्या बाकावर पसरला… आन् गेला! मी खुणंनं इचारलं, कुठं? तो कानात म्हणतो, "अप्पा, जागा धरली. जल्दी येतो." अरे जागा काय धरतो! अख्खं देऊळ रिकामं पडलंय! एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसा याने येशूपुढं रुमाल टाकला आन् निघून गेला! एक ते दोन, आराधनेला कोण? मी आन् रुमाल!

एक तास! अरे एकच तर मागितल्ता!

दोन वाजले. मिथुनचा फोन थरथरला. मी बाकाखाली वाकून हळूच म्हणलं, "काय रे?" तो म्हणतो, "अंकल, मीटिंग हाये. व्हिडिओ कॉल करा ना, फोन वेदीकडं धरा, मी इकडून जॉइन व्हतो. म्यूटवर ऱ्हातो." म्यूटवर! परमेश्वरापुढं हा म्यूटवर! मी म्हणलं, "बाबा, तू समोर पाहिजेस." तर म्हणतो, "अंकल, देव सगळीकडं असतो ना?" असतो रे! देव सगळीकडं असतो, तूच कुठं नसतो!

आन् आता माझी खरी पंचाइत सुरू झाली. मी शुगरवाला माणूस. बारापासून बसलेला. तीनपर्यंत गुडघ्याचं सोडा, गुडघे येशूला वाह्यले… पण दुसरं जे असतं, ते कसं वाहणार? तुम्ही समजून घ्या. बाहेर जायचं तर समोर कोणी पाहिजे, आन् समोर कोण? रुमाल!

तीनला मावशी आली! बराबर टायमाला! वाटलं, उठून नाचावं. मावशी बसली, क्रूस केला, "जय येशू" म्हणली, आन् पाचव्या मिनिटाला… घर्र… घर्र… आता कायदा सांगा मला! झोपलेला माणूस हजर धरायचा का? एसटीत झोपलेल्याला पण तिकीट लागतं, म्हणजे तो हजर. पण पहारेकरी झोपला तर तेला हजर म्हणतात का? मी उठावं का बसावं? अर्धा उठलो, मावशीचं घोरणं थांबलं, परत बसलो. असं चार येळा! शेवटी मावशी जागी झाली, म्हणते, "किती शांत वाटलं रे अप्पा," आन् चालली! मी म्हणलं, मावशी, अजून अर्धा तास! तर म्हणते, "अरे, नळाला पाणी येतं." आमच्या जालन्यात नळ म्हणलं की पुढं बोलायची सोयच न्हाई. येशू रोज असतो, नळ आठ दिवसांनी!

चार वाजता दार वाजलं. धम्मपाल. आमचा शेजारी, रिक्षा चालवतो, नवीन जालन्यात स्टेशनवर उभा असतो. प्रभावतीनं तेच्याकडं डबा पाठवल्ता. तेनं माझं तोंड बघितलं. "अप्पा, काय झालं?" मी सांगितलं. म्हणतो, "नुसतं बसायचं? बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई? मंग जावा तुम्ही. मी विपश्यनेला दहा दिवस बसल्तो." आता हा बौद्ध माणूस! चालतं का, न्हाई चालत? कोणाला इचारू? फादरचा फोन लागंना. मी येशूकडं बघितलं आन् म्हणलं, प्रभू, तू मला बनवलं, माझी पिशवी पण तूच बनवली, आता तूच समजून घे… आन् पळालो!

सात मिनिटांनी आलो, तर दारात राजानंद. आत बघून राह्यला. आत धम्मपाल. पाठ सरळ, डोळे मिटलेले, मांडीवर हात, पुतळा! पहिल्याच बाकावर, रुमालाची नीट घडी करून बाजूला ठेवलेली. राजानंद लाल झाला. "अप्पा, हा कसा आमच्या जागेवर?"

"तुमच्या?" म्हणलं. "तुमच्या जागेवर तीन तास तुमचा रुमाल व्हता!"

तर काय केलं असंल तेनं? लाजला असंल? अहो, मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकला! खाली लिहिलं, "आपल्या प्रभूपुढं आपलाच एक माणूस न्हाई, शरम वाटली पाहिजे!" कोण म्हणतो? हा म्हणतो! आन् वीस मिनिटांत, तुम्हाला सांगतो, देऊळ भरलं! मिथुन मीटिंग सोडून आला, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी तशीच. मावशी ओल्या पदरानं आली. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका बाकावर बसले, कारण जागाच उरली न्हाई. आन् सगळ्यांच्या पाठी सरळ! कोणी खोकंना, कोणी खाजवंना. रिक्षावाला बसतो, मंग आम्ही काय कमी हाओत?

धम्मपालनं डोळे उघडले, मागं चाळीस घरं! घाबरून म्हणतो, "अप्पा, माझी रिक्षा नो पार्किंगला हाये, जाऊ का?" तर अख्खी मंडळी, "शूऽऽऽ!" बसला बिचारा.

मंग प्रभावती आली, गुडघेदुखीची काठी टेकत. माझ्या बाजूला बसली. माझा हात दाबला. तीस वर्षं बसमधी खच्चून भरलेली गर्दी बघितली मी, पण ही गर्दी बघून रडलो. सहाला फादर आले, आशीर्वाद दिला. मी घाबरत इचारलं, "फादर, मधली सात मिनिटं… नवस मोडला का?" ते म्हणले, "अप्पाराव, दिवसभरात घड्याळाकडं न बघता कोण बसलं, ते सांगा." मी धम्मपालकडं बघितलं.

आन् मंग फादर खुशीत येऊन माइकवर म्हणले, "आता दर महिन्याला!" टाळ्या! मी नवा तक्ता आखला, सगळे तेच्यावर तुटून पडले, रेटारेटी, पेनाची ओढाओढी! मी म्हणलं, प्रभू, जिंकलो!

गर्दी हटल्यावर तक्ता बघितला. चार ते पाच. चाळीसच्या चाळीस घरं चार ते पाच! सिस्टरांनी पण तिथंच लिहिलं, म्हणे मंडळी एकत्र असली की आम्हाला पण बरं वाटतं. एका ओळीत जागा पुरली न्हाई, तर समासात लिहिलंय, उभं, आडवं, तिरपं. बाकी नऊ तास कोरे करकरीत.

एकत्र या म्हणलं व्हतं, आले. एक तास द्या म्हणलं व्हतं, दिला, सगळ्यांनी मिळून एक. कुठंच बोट ठेवता येत न्हाई हो! पेन घेतला, आन् उरलेल्या नवाच्या नऊ ओळींत लिहून टाकलं: अप्पाराव.